दोन दिवसांचं काम

ठाण्यात पीएच.डी. करणाऱ्या माणसाची दोघांपासून सुटका नसते. एक त्याचे मार्गदर्शक आणि दुसरे वर्तकनगरचे रवींद्र तांबे. मार्गदर्शक निदान परिषदांना बाहेरगावी जातात, सुटीवर जातात, रुसून बसतात. तांबे कुठेही जात नाहीत. जुन्या वसाहतीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं टायपिंगचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत त्यांचं घर. मधे एक पडदा. सकाळी साडेनऊला पडदा सारला की तांबे कामावर आले आणि संध्याकाळी सातला ओढला की घरी गेले.

छत्तीस वर्षं ते प्रबंध टाइप करतायत. आधी खडखडणाऱ्या यंत्रावर, आता संगणकावर. खाडीतल्या खेकड्यांची वाढ, भिवंडीचे यंत्रमाग, अभंगांत येणारी घरगुती भांडी, लोखंडावरचा गंज, कबड्डीपटूंचे गुडघे, बचत गटाच्या बैठकीला बायका उशिरा का येतात... सगळं त्यांच्या दहा बोटांतून गेलेलं आहे. विद्यापीठात एका विभागात काय चाललंय याचा शेजारच्या विभागाला पत्ता नसतो. खेकडेवाले सर आणि अभंगवाल्या बाई एकमेकांना ओळखतात ते तांब्यांच्या दुकानातल्या बाकड्यावर नंबराची वाट बघून बघून. त्यामुळे वसाहतीचा असा ठाम समज आहे की या माणसाला सगळ्यातलं सगळं कळतं. "काका, खेकड्यांचं एवढं टाइप केलंत, मग सांगा बरं, भरलेला कसा ओळखायचा?" असं कोणीतरी विचारतं आणि तांबे नुसते हसतात. लोकांना वाटतं, विद्वान माणूस, मोजकंच बोलतो. खरी गोष्ट अशी की त्यांना खेकड्यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. छत्तीस वर्षांत त्यांनी एकही प्रबंध वाचलेला नव्हता.

यात आळस नव्हता, शिस्त होती. कल्याणला स्टेशनजवळच्या ज्या क्लासात ते टायपिंग शिकले, तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "डोळे कागदावर, बोटं यंत्रावर आणि डोकं घरी. अर्थ बघायला गेलात की हात अडखळला, आणि हात अडखळला की चूक झालीच." बाकीची मुलं हसली. रवींद्रने ते मनावर घेतलं. तेव्हापासून शब्द डोळ्यांतून आत जायचे आणि बोटांतून बाहेर पडायचे, वाटेत कुठे टेकायचे नाहीत. तांब्यांचं पान म्हणजे चूक नाही, अशी जी त्यांची ख्याती झाली ती यामुळेच.

वाचायचे ते फक्त एक पान. प्रबंधाच्या सुरुवातीला सगळ्यांचे आभार मानायची रीत आहे, त्या पानाला ऋणनिर्देश म्हणतात. मार्गदर्शक, ग्रंथपाल, आईवडील, नवरा किंवा बायको, सासूसासरे, झालंच तर शेजारी, आणि सगळ्यांत शेवटी, "निर्दोष टंकलेखनाबद्दल श्री. रवींद्र तांबे यांचे आभार." या पानाची एक प्रत तांबे जास्तीची काढायचे आणि फायलीत लावायचे. तीनशे अकरा पानं झाली होती. बायको होती तेव्हा म्हणायची, "एवढ्या लोकांनी आभार मानले, त्यातलं एक तरी कधी आपल्याकडे जेवायला आलंय का?" सहा वर्षांपूर्वी ती गेली. मूलबाळ नव्हतं. आता असं टोचून बोलणारंही कोणी उरलं नव्हतं. पडदा ओढल्यावर कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या आणि त्यानंतर त्या घरात कसलाही आवाज व्हायचा नाही. माणूस फार एकटा होता, हे आडपडदा न ठेवता सांगितलेलं बरं.

नाही म्हणायला एक भाऊ होता. भिवा. नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा भिवाने सातवीतून शाळा सोडली आणि डोंबिवलीला कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो चिकटला. त्याचे हात मनगटापर्यंत निळे असायचे. आई, मीराबाई, जेवायला बसताना ओरडायची, "हात धू आधी!" तो म्हणायचा, "धुतलेत गं, जात नाय तो." एका संध्याकाळी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून त्याने धाकट्याला सांगितलं, "रवी, आपल्यातला एक तरी कागदाच्या बाजूला बसला पाहिजे." क्लासला त्याने घातलं. पहिलं जुनं यंत्र कल्याणहून ठाण्याला आणलं तेही त्याने, खांद्यावर घेऊन.

आणि त्याच भावाला तांब्यांनी एका वाक्यात घालवलं.

एकोणीस वर्षांपूर्वीची दुपार. दुकानात एका मोठ्या कॉलेजचे विभागप्रमुख बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, सोनेरी काड्यांचा चष्मा. एवढं मोठं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलेलं, त्यामुळे तांबे नुसते वाकून वाकून बोलत होते. तेवढ्यात पाळी संपवून भिवा दारात उभा राहिला. पायांत प्लास्टिकची चप्पल, हातात जवळ्याच्या चटणीचा डबा आणि ते निळे हात. त्याने सवयीने टेबलावर हात टेकला. साहेबांनी आपले कागद जरा अलीकडे ओढले आणि विचारलं, "हे कोण?"

"रंगारी आहे, सर," तांबे म्हणाले. "दुकानाला रंग काढायचाय, ते बघायला आलाय."

भिवाने मान वर करून चारी भिंती नीट बघितल्या. कोपऱ्यात गेला, नखाने एक पोपडा काढून बघितला आणि म्हणाला, "दोन दिवसांचं काम आहे, शेट. येईन सवडीने." आणि गेला. डबा तेवढा बाकड्यावर राहिला.

येत्या रविवारी जाऊन दादाची माफी मागायची, असं तांब्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. त्या रविवारी काम निघालं. पुढच्या रविवारी धीर झाला नाही. तीन महिन्यांनी ते कल्याणला कोळसेवाडीत भावाच्या खोलीवर गेले तर कुलूप दुसऱ्याचं होतं. कारखाना बंद पडला होता, त्याची बायको आधीच वारलेली, पोरंबाळं नाहीत. भिवा खोली सोडून कुठे गेला ते कोणाला ठाऊक नव्हतं. तांब्यांना वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोला, किंचित सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटकेची लाज त्यांना जन्मभर पुरली. बायको वरचेवर म्हणायची, "भाऊजींना शोधा हो." आणि म्हणायची, "दुकानाला एकदा रंग तरी काढा." दोन्ही गोष्टी तांब्यांनी केल्या नाहीत. डबा मात्र टाकला नाही. त्यात टाचण्या ठेवतात.

प्रीती आली ती गेल्या वर्षी मार्चात. समाजशास्त्राची, डोंबिवलीच्या एका कॉलेजात शिकवणारी, चटपटीत मुलगी. विषय होता ठाणे जिल्ह्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं. साठ जणांच्या मुलाखती तिने हाताने लिहून काढल्या होत्या. अशा माहिती देणाऱ्याला निवेदक म्हणतात आणि प्रबंधात त्याचं नाव छापत नाहीत, नुसता क्रमांक देतात. गठ्ठा टेबलावर ठेवून ती म्हणाली, "टिटवाळ्याच्या एका आजोबांनी तुमचं नाव सांगितलं." आणि तांब्यांच्या तोंडाकडे बघत ती जराशी थांबली.

"बरं. पानं किती आहेत?" तांब्यांनी विचारलं.

तिने पानं सांगितली. पंचवीस दिवसांत काम झालं. काळ्या कापडाच्या बांधणीत, पाठीवर सोनेरी अक्षरं घालून पाच प्रती तयार झाल्या. प्रती न्यायला आली तेव्हाही प्रीतीने त्यांच्याकडे तसंच बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तांब्यांनी ऋणनिर्देशाची प्रत काढून फायलीला लावली आणि ते दुसऱ्या दिवशी गंजाकडे वळले.

या मे महिन्यात ती परत आली. कडेवर तीन महिन्यांचं बाळ. तोंडी परीक्षा झाली होती, पण परीक्षकांनी एक पुरवणी मागितली होती.

"साठही निवेदकांचा एक तक्ता घालायचाय, काका. वय, आधीचं काम, जवळचं नातेवाईक कोण आणि त्यांची शेवटची भेट कधी झाली. सगळं मुलाखतींत आहे. तुम्हीच वाचून भराल का? हा मला बसूच देत नाही."

"मी वाचत नाही," तांबे म्हणाले.

"म्हणजे?"

"काही नाही. भरतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते वाचायला बसले. ठाण्याच्या एक बाई घरात कोणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून दिवसभर रेडिओ लावून ठेवत होत्या. डोंबिवलीचे एक गृहस्थ दर सोमवारी दवाखान्यात जात, आजार काही नाही, पण तिथे नाव पुकारतात म्हणून. तांबे थबकून थबकून वाचत होते. ही माणसं आपल्या ओळखीची आहेत असं त्यांना वाटायला लागलं. ती सगळी चौदा महिने याच खोलीत, याच संगणकात बसून होती आणि आपण त्यांना एकदाही हाक मारली नाही, या विचाराने त्यांना कसंतरीच झालं.

मग एकतिसावा निवेदक आला. पुरुष, वय एकाहत्तर, टिटवाळा, पूर्वी रंगाच्या कारखान्यात कामगार.

"जवळचं कोणी आहे का?" असं प्रीतीने विचारलं होतं.

"धाकटा भाऊ आहे ठाण्याला. टायपिंग करतो. तुमच्यासारखे शिकलेले लोक येतात त्याच्याकडं."

"भेट होते का?"

"मी गेलेलो एकदा. माझ्यामुळं त्याची पंचाईत झाली. मग नाय गेलो."

"राग येतो का त्यांचा?"

"राग कसला? पोरगा घाबरला होता. मीच तर त्याला कागदाच्या बाजूला बसवलेला."

"काही करायचं राहून गेलं असं वाटतं का?"

"त्याच्या दुकानाला रंग काढायचा राहिलाय. दोन दिवसांचं काम आहे."

पुढच्या ओळी तांब्यांनी उभं राहून वाचल्या.

"मग त्यांना कळवत का नाही?"

"बाई, तुमचं हे सगळं छापून होणार ना? मग टायपिंग त्याच्याकडंच करा. चांगलं करतो, चूक नसते. माणूस म्हणून गेलो तर त्याची पंचाईत. पुस्तकातून गेलो तर वाचेल तरी. वाचलं की येईल. मी इथंच आहे, कुठं जात नाय."

तांब्यांनी हे सगळं स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं. स्वल्पविरामासकट. एकही चूक न करता.

त्यांनी प्रीतीला फोन लावला. "एकतीस नंबर... तो माझा भाऊ आहे."

"मला माहीत आहे, काका," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"आम्हाला निवेदकाबद्दल कोणाला काही सांगता येत नाही. पण तुम्हीच टाइप केलंत ना! मला वाटलं, वाचलं असणार. मी तर तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तेव्हा मला वाटलं..." ती अडखळली. "वाटलं, तुम्हाला जायचं नाहीये."

आता मात्र तिने नियम बाजूला ठेवून पत्ता दिला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच कामाच्या दिवशी तीन वाजता तांब्यांनी दुकान बंद केलं. कल्याणला गाडी बदलून टिटवाळ्याला उतरले तेव्हा त्यांच्या हातात टाचण्या काढून रिकामा केलेला तो डबा होता. वाटेत कुठेतरी त्यात पेढे घ्यायचे होते, ते घाईत राहूनच गेले.

पत्त्याच्या जागी चाळ नव्हती. पत्र्यांचं कुंपण होतं, त्यामागे तीन मजले चढलेले आणि बाहेर हसऱ्या कुटुंबाचं चित्र असलेला फलक. समोर एक चहाचं दुकान तेवढं जुनं उरलं होतं. मालकाचं नाव हरिहर. तांब्यांनी त्याला भिवाचं नाव सांगितलं.

"रंगवाले काका? होते ना!" हरिहर कप विसळता विसळता म्हणाला. "ती कॉलेजवाली बाई लिहून घेऊन गेली ना, तेव्हापासून रोज सकाळी इथंच बसायचे. हितं, या बाकड्यावर, स्टेशनच्या रस्त्याकडं तोंड करून. म्हणायचे, माझं पुस्तक झालंय, भाऊ वाचतोय. आम्ही मस्करी करायचो, काय काका, अजून वाचून नाय झालं का? तर म्हणायचे, जाड पुस्तक आहे रे, वेळ लागतो."

"आता कुठे आहेत?"

"दिवाळी झाली आणि खोल्या पाडल्या. भाडेकरूला कोण विचारतंय? कोणी म्हणतं खडवलीला गेले, कोणी म्हणतं आसनगावला. फोनबिन नव्हता त्यांच्याकडं." मग त्याने मान वर केली. "तुम्ही कोण त्यांचे?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांतल्या एकाने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता.

"भाऊ," तांबे म्हणाले. मग त्यांनाच ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून मोठ्याने म्हणाले, "तो माझा सख्खा भाऊ आहे. मी धाकटा."

हरिहरने त्यांच्याकडे, मग त्या डब्याकडे बघितलं. "म्हणजे वाचून झालं म्हणायचं," तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तांबे त्या बाकड्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. हरिहरने चहा दिला, तो तसाच गार झाला.

त्यानंतर आठ रविवार ते खडवली, वासिंद, आसनगाव असे फिरले. विहारांत विचारलं, रेशनच्या दुकानांत विचारलं, नाक्यावर ब्रश-बादल्या घेऊन बसलेल्या रंगाऱ्यांना विचारलं. निळ्या हातांचा म्हातारा कोणी पाहिला नव्हता. हातही आता निळे राहिले नसतील, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. हरिहरकडे त्यांनी आपला नंबर लिहून ठेवला आहे. प्रीतीचा तक्ता त्यांनी पुरा केला. एकतिसाव्या ओळीत जवळचे नातेवाईक : धाकटा भाऊ. शेवटची भेट : एकोणीस वर्षांपूर्वी. आणि ऋणनिर्देशातलं "निर्दोष टंकलेखनाबद्दल" हे वाक्य त्यांनी प्रीतीला न विचारताच काढून टाकलं. ती फाईल आता पलंगाखाली आहे. तिच्यात नवं पान लागत नाही.

पण एक गोष्ट तांब्यांच्या मनाने पक्की धरली आहे. निरोप धाडायची एक वाट दादाला ठाऊक झालेली आहे. तो जिथे कुठे असेल तिथे वही घेतलेली एखादी मुलगी पुन्हा येईल. पाण्याबद्दल विचारील, गुडघ्यांबद्दल विचारील, जुन्या गाण्यांबद्दल, बंद कारखान्यांबद्दल, काहीही विचारील. म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारायला कुठला विषय चालत नाही? आणि तो सांगेल, टायपिंग ठाण्याला वर्तकनगरला करा. म्हणून तांबे आता वाचतात. आलेलं प्रत्येक पान, पहिल्या ओळीपासून शेवटच्या तळटीपेपर्यंत. वेग निम्म्यावर आलाय. अभंगवाल्या बाई दुसरीकडे गेल्या. खेकडा भरलेला कसा ओळखायचा ते मात्र आता त्यांना चांगलं माहीत झालंय, फक्त हल्ली ते कोणी विचारत नाही.

परवा निकोल आली होती. येऊरच्या डोंगरातल्या शेवाळांवर तिचा प्रबंध आहे. टाइप केलेली पानं चाळता चाळता ती वैतागली.

"काका, हे बघा ना, एका पानावर सात चुका! सर म्हणालेले, तांब्यांकडे डोळे मिटून दे. काय झालं तुम्हाला?"

"वाचत होतो गं," तांबे म्हणाले.

"शेवाळं? मी स्वतः पण ते दुसऱ्यांदा वाचलं नाही!" ती हसली. मग तिने पानांवर पडलेली पांढरी भुकटी हाताने झटकली आणि वर बघितलं. "आणि हे पोपडे बघा, सगळे माझ्या पानांवर पडतायत. रंग तरी काढून घ्या एकदा. आमच्या ओळखीचा आहे एक रंगारी, पाठवू का?"

"नको," तांबे म्हणाले. "आमचा माणूस ठरलेला आहे. दोन दिवसांचं काम आहे. येईल सवडीने."

त्यांनी तिच्या हातातलं पान घेतलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.